समुद्रावर ‘जरा सरकून घ्या’ चालत नाही
(पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्या मोठ्या कुटुंबासाठी केबिनचे आरक्षण कसे करावे?)

आपल्या भागात ‘क्रूझर’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आळंदहून कलबुर्गीला जायचे असो, भालकीहून बिदरला, की पौर्णिमेला गाणगापूरला. पहिली आठवते ती क्रूझर जीप. तिच्यात किती माणसे बसतात, या प्रश्नाला आजवर कोणी ठरलेले उत्तर दिलेले नाही. ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की आणखी एकाची सोय होते.

आमच्या आईला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. म्हणून सर्वांनी मिळून मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने जाऊन यायचे, असा विचार निघाला. मी मामांना फोनवर म्हणालो, “आपण क्रूझने जायचं म्हणतोय.” मामा लगेच म्हणाले, “मग काय, एकोणीस माणसं दोन क्रूझरमध्ये आरामात बसतात!”

आम्ही सगळे हसलो. पण पुढे तीन महिने आरक्षणाची धावपळ केल्यावर लक्षात आले की मामांचीच चूक आम्हीही करत होतो. जहाजाची केबिन ही जीप नव्हे आणि लॉजची खोलीही नव्हे. परत आल्यापासून अनेक पालकांनी या प्रवासाबद्दल विचारले. म्हणून आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि काय शिकलो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

थोडा इतिहास

मुंबईहून गोव्याला जहाजाने जाणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांना आणि गोव्याला आगबोटी जात असत. कोकणातली माणसे वळकटी घेऊन डेकवर पथारी टाकत. त्या काळी केबिन घेणे ही श्रीमंतांची चैन होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटकांचे जहाज सुरू झाले, पण ते फार काळ टिकले नाही. पुढे १८ सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून निघू लागले. आपण ज्याला क्रूझ म्हणतो तो प्रकार मराठी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला तो खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

विद्यार्थी मित्रांनो, या जहाजाची कल्पना यावी म्हणून सांगतो. ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले. लांबी सुमारे २११ मीटर, म्हणजे रेल्वेचे जवळजवळ नऊ डबे एकापुढे एक लावावेत तेवढी. मजले अकरा आणि केबिन सुमारे आठशे. आपल्याकडचे एखादे मध्यम गाव त्यात मावेल. आणि या गावातल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय आणि खोली निघण्यापूर्वी कागदावर लिहिलेली असते. आरक्षणातली सगळी गंमत आणि सगळी अडचण याच गोष्टीत आहे.

पहिली पायरी : तारीख

आपल्या सीमाभागातील कुटुंबांची एक खास अडचण असते. निम्मे नातेवाईक कर्नाटकात आणि निम्मे महाराष्ट्रात. आपल्या शाळांना मोठी सुटी दसऱ्याची, तर सोलापूर-लातूरकडच्या शाळांना दिवाळीची. आमची बहीण सोलापूरला असते. तिच्या मुलांची आणि आमच्या मुलांची सुटी जुळेना. नाताळच्या आठवड्यात भाडे सर्वांत महाग. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र खवळलेला असतो. शेवटी मे महिन्याचा पहिला आठवडा दोन्हीकडच्या मुलांना सोयीचा ठरला.

तारीख ठरली की लगेच आरक्षणाला लागावे. चार माणसांची सोय असलेल्या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या सर्वांत आधी संपतात. चाकाची खुर्ची आत जाईल इतक्या रुंद दाराच्या केबिन तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मोठ्या गटाने उशीर केला तर जागा मिळतात, पण एक केबिन तिसऱ्या मजल्यावर पुढच्या टोकाला आणि दुसरी आठव्या मजल्यावर मागच्या टोकाला, अशा विखुरलेल्या.

केबिनचे प्रकार

साधारणपणे चार प्रकार असतात. पहिली आतल्या बाजूची, हिला खिडकी नसते. दुसरी समुद्राच्या बाजूची. हिला काचेची बंद खिडकी असते. तिसरी बाल्कनीची आणि चौथी ऐसपैस जागेची, म्हणजे स्वीट. भाडे याच क्रमाने वाढत जाते. जुन्या जहाजांवर आतली साधी केबिन १२० चौरस फुटांच्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडची दहा बाय बाराची एक खोली, आणि त्यातच न्हाणीघर व संडास. चार माणसांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली असतात आणि दोन भिंतीतून उघडणारे वर. वरच्या पलंगावर शिडीने चढावे लागते. रेल्वेच्या वरच्या बर्थसारखेच.

गट करताना प्रत्येक कुटुंबाला एकाच प्रकारची केबिन हवी असे काही नसते. आम्ही आई व आत्यासाठी खिडकीची केबिन घेतली आणि बाकी सर्वांनी आतल्या बाजूच्या घेतल्या. ज्याला समुद्र पाहायचा आहे त्याला डेक मोकळाच असतो. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पहाटे पडदा सरकवला की पाणी दिसावे, एवढे सुख त्या जादा पैशांत मिळते.

पाच केबिन की सात?

आम्ही एकोणीसजण असे होतो : आई आणि आत्या, मामा-मामी, दादा, वहिनी व त्यांची दोन मुले, मी, सौ. व आमची दोन मुले. धाकटा भाऊ, त्याची पत्नी व चार वर्षांची मुलगी. आणि बहीण, मेहुणे व त्यांची दोन मुले.

पहिला हिशोब सोपा वाटला. एका केबिनमध्ये चार, म्हणजे पाच केबिनमध्ये सगळे बसतात. भाड्याची पद्धतही असा विचार करायला लावते. जहाजाचे भाडे खोलीला नसून माणशी असते आणि ते ‘एका केबिनमध्ये दोघे’ असे धरून सांगितले जाते. पहिल्या दोघांना पूर्ण भाडे लागते. तिसऱ्या व चौथ्या माणसाला बहुधा कमी लागते. आणि एकटाच माणूस केबिनमध्ये राहणार असेल तर त्याला जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागते.

हे आकड्यांनी पाहू. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ, प्रत्यक्ष भाडे तारखेप्रमाणे बदलते. समजा, पहिल्या दोघांना माणशी २०,००० रुपये आणि तिसऱ्या-चौथ्याला माणशी १२,००० रुपये आहेत.

पाच केबिन घेतल्या तर १० माणसे पूर्ण भाड्याची (२,००,०००) आणि ९ कमी भाड्याची (१,०८,०००). एकूण ३,०८,००० रुपये.

सात केबिन घेतल्या तर १४ माणसे पूर्ण भाड्याची (२,८०,०००) आणि ५ कमी भाड्याची (६०,०००). एकूण ३,४०,००० रुपये.

फरक ३२,००० रुपये. एकदम ऐकले की मोठा वाटतो. पण १९ने भागला तर माणशी सतराशेच्या आतच येतो. एवढ्यासाठी पंच्याहत्तर वर्षांच्या आईला चारजणांत एका संडासासाठी ताटकळत ठेवायचे का? आणि चौघांतल्या दोघांनी शिडी चढायची असेल तर ते दोघे कोण? हा प्रश्न वहिनींनी विचारला आणि चर्चा संपली. आम्ही सात केबिन घेतल्या.

विभागणी करताना ‘एक कुटुंब, एक केबिन’ हा नियमही आम्ही मोडला. दादांची सतरा वर्षांची मुलगी आई व आत्यांबरोबर वरच्या पलंगावर राहिली, म्हणजे रात्री उठायची वेळ आली तर सोबतीला कोणीतरी हवे. दादांचा वीस वर्षांचा मुलगा, माझा चौदा वर्षांचा आणि बहिणीचा बारा वर्षांचा, असे तिघे एका केबिनमध्ये. लक्षात ठेवा, नुसत्या अल्पवयीन मुलांना स्वतंत्र केबिन सहसा मिळत नाही. एक सज्ञान माणूस त्यांच्याबरोबर असावा लागतो. मामा-मामी आणि दादा-वहिनी दोघे-दोघे. उरलेल्या तीन केबिनमध्ये आम्ही तिन्ही कुटुंबे एकेका लहान मुलासह.

आता पैसे कसे वाटायचे? केबिनप्रमाणे वाटले असते तर दादा-वहिनींवर अन्याय झाला असता, कारण त्यांची दोन्ही मुले दुसऱ्यांच्या केबिनमध्ये तिसरी म्हणून झोपत होती. म्हणून साध्या केबिनचे एकूण भाडे सरळ माणशी वाटले, आणि आईच्या खिडकीचा जादा खर्च आम्ही भावंडांनी वेगळा उचलला. हे आरक्षणाच्या आधीच ठरवावे. नंतर ठरवले की हिशोबापेक्षा मनेच जास्त बिघडतात.

मुलाचीही मोजणी होते

धाकट्या भावाने विचारले, “चार वर्षांच्या पोरीचे तिकीट कशाला? रेल्वेत तर लागत नाही.” खरे आहे. रेल्वेत पाच वर्षांखालील मूल आईच्या मांडीवर बसून जाते. जहाजावर मात्र तान्हे मूलही एक पूर्ण माणूस धरले जाते. त्याचे भाडे कमी असेल किंवा नसेलही, पण यादीत नाव हवेच.

याचे कारण जीवरक्षक नौका. १९१२च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांत जागा होती फक्त १,१७८ जणांना. सुमारे दीड हजार माणसे गेली. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जगातली प्रवासी जहाजे त्याच कराराच्या १९७४च्या आवृत्तीप्रमाणे चालतात.

आपल्या मुंबईच्या समुद्रानेही असा दिवस पाहिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास लागले.

म्हणून आता जहाजाच्या प्रत्येक भागातील माणसांना विशिष्ट ठिकाणी जमायचे आणि ठरलेल्या नौकेत बसायचे, असे आधीच नेमलेले असते. त्या भागाची मोजणी पूर्ण झाली की तेथे आणखी माणूस घेता येत नाही, मग केबिनमध्ये रिकामा पलंग का असेना! हा नियम आम्हाला कळला तो फार वाईट रीतीने.

विसावे माणूस

यादी करताना आम्ही बहिणीच्या सासूबाईंना विचारलेच नाही. त्या सत्तरीच्या आहेत, घराबाहेर फारशा पडत नाहीत, त्या कशाला येतील, असे प्रत्येकानेच मनाशी धरले. बहिणीला वाटले, भाऊ विचारतील. आम्हाला वाटले, बहीण विचारेल. निघायला महिना उरला असताना त्या नातवाला सहज म्हणाल्या, “मला पण एकदा बोट बघायची होती.”

नातवाने आईला सांगितले आणि बहिणीने रडत मला फोन केला. मी लगेच एजंटला विचारले. आमच्या दोन केबिनमध्ये दोघेच होते, वरचे पलंग रिकामे होते. “एक माणूस वाढवा, पूर्ण भाडे घ्या,” असे मी म्हणालो. त्याने चौकशी करून सांगितले, “पलंग आहे साहेब, पण त्या भागातील नौकांची संख्या भरली आहे. नाव घालता येत नाही.” दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला एक केबिन शिल्लक होती. तिथे त्यांना एकटीने राहावे लागले असते. मी माझी जागा देतो म्हटले. पण नाव बदलायची मुदतही उलटून गेली होती. त्यांनीच हसून “राहू द्या, पुढच्या वेळी बघू” म्हटले.

जीप असती तर आम्ही सरकून घेतले असते. समुद्रावर ते चालत नाही. यात जहाजवाल्यांचा दोष नाही, नियम सर्वांच्याच जिवासाठी आहे. दोष आमचा, कारण आम्ही विचारण्याआधीच त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकले. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, स्वतः विचारा.

नावे कागदावरची, तोंडातली नव्हेत

देशातल्या देशात प्रवास असेल तर पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला उतरायचे असेल तर भारतीयांनाही परवाना लागतो. तो कोण काढणार हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. मात्र आरक्षणातले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे.

इथे आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आड येते. आपल्या आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते आणि आपण ते मराठीतून आठवतो. सूर्यवंशींच्या नावात कोणाच्या कार्डावर ‘व्ही’ तर कोणाच्या कार्डावर ‘डब्ल्यू’. कोणाचे आडनाव आधी, कोणाचे शेवटी. कोणाच्या नावापुढे ‘राव’ आहे, कोणाच्या नाही. लेकीचे लग्न झाले तरी कार्ड माहेरच्याच नावाचे.

आमच्या आत्याचे लग्नात नाव बदलले. पन्नास वर्षे सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात. मी यादीत तेच लिहिले. पण तिच्या कार्डावर मात्र जन्मनावच आहे, हे कोणाच्या लक्षातही नव्हते. दादांच्या मुलीने सर्वांच्या कार्डांच्या झेरॉक्स मागवल्या आणि यादीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिल्या, तेव्हा ही चूक सापडली. सुदैवाने दुरुस्तीची मुदत दोन दिवस बाकी होती. नाहीतर आत्या धक्क्यावरच राहिली असती. तेव्हा मुलांनो, घरात असा प्रवास ठरला तर ही तपासणी तुम्ही करा. मोठ्यांना नावे पाठ असतात, म्हणूनच ते चुकतात.

एजंटला विचारायचे प्रश्न

१) सांगितलेल्या भाड्यात जीएसटी, बंदराचे शुल्क आणि सेवाशुल्क धरले आहे का? बहुतेक वेळा ते वेगळे असते. ‘हे सगळे धरून किती?’ असे विचारून आकडा लिहून घ्यावा.

२) आमच्या सर्व केबिन एकमेकींशी जोडलेल्या आहेत अशी नोंद झाली का? प्रत्येक केबिनचा आरक्षण क्रमांक वेगळा असतो. नोंद नसेल तर जेवणाची टेबले आणि वेळा निरनिराळ्या येऊ शकतात.

३) केबिनचे क्रमांक आताच मिळतील का? ‘कोणतीही केबिन चालेल’ असे सांगितले की भाडे थोडे कमी होते, पण क्रमांक नंतर मिळतो. एकट्यादुकट्याला ते ठीक आहे, म्हाताऱ्या माणसांसह गेलेल्या गटाला नाही.

४) गटासाठी सवलत आहे का? परदेशी कंपन्यांत बहुधा आठ केबिनपासून गट मानतात. आपल्याकडे प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

५) उरलेली रक्कम कधी भरायची आणि रद्द केल्यास किती कापले जाते? प्रवासाची तारीख जितकी जवळ, तितकी कपात जास्त. नाव बदलण्याची व माणूस वाढवण्याची शेवटची तारीख कोणती, हेही लिहून घ्या.

६) गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांसाठी काय नियम आहे? बहुतेक जहाजांवर सहा महिन्यांखालील बाळाला आणि गरोदरपणाचे २४ आठवडे उलटलेल्या स्त्रीला घेत नाहीत.

पैशाचे काम एकाकडेच असावे. आमच्याकडे वहिनी खजिनदार होत्या. त्यांनी वर्षभर आधी घरातल्या घरात भिशी सुरू केली होती, त्यामुळे पहिला हप्ता कोणालाच जड गेला नाही. प्रत्येकाने दिलेली रक्कम वहीत लिहून सर्वांना दाखवली जाई.

केबिन कुठे असावी?

शाळेच्या मैदानावरचा सी-सॉ आठवा. दोन्ही टोकांना बसलेली मुले वर-खाली होतात, पण मधे बसलेले मूल फारसे हलत नाही. जहाजाचेही तसेच. पुढच्या आणि मागच्या टोकाला झोके जास्त, मधल्या भागात कमी. वरच्या मजल्यांवर डुलणे जास्त, खालच्या मजल्यांवर कमी. म्हणून ज्यांना बसमध्ये मळमळते त्यांच्यासाठी मधली आणि खालची केबिन चांगली. लिफ्टजवळची असेल तर म्हाताऱ्यांना बरे, पण अगदी लिफ्टला लागून नको, आवाज येतो. नाचगाण्याच्या सभागृहाच्या वर किंवा खाली केबिन येत नाही ना, हेही नकाशावर पाहावे. मळमळीच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवाव्यात. जहाजावरच्या डॉक्टरांची फी वेगळी पडते.

मुंबई गाठताना

जहाज कोणासाठी थांबत नाही आणि दार निघण्याच्या वेळेच्या बरेच आधी बंद होते. म्हणून मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचावे. कलबुर्गीहून उद्यान किंवा हुसेनसागर एक्सप्रेसने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. बिदरहून लातूरमार्गे जाणारी मुंबईची गाडी आठवड्यातून मोजकेच दिवस असते, तेव्हा तारीख ठरवतानाच ती पाहावी. बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का टर्मिनसपासून जवळच आहे.

सामानाबद्दल एक गोष्ट. मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाट्यांचा मोठा डबा बांधला होता. घरचे शिजवलेले अन्न जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत. आधी विचारले होते म्हणून तो डबा आम्ही रेल्वेतच संपवला. इस्त्री आणि पाणी तापवायची विजेची किटलीही आगीच्या भीतीने चालत नाही. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचे जेवण हवे असेल तर आरक्षण करतानाच सांगून ठेवावे.

विश्वस्त मंडळींसाठी

शाळेची किंवा माजी विद्यार्थ्यांची सहल अशी काढावी, असा विचार कानावर आला. विचार चांगला आहे. पण मुलांची सहल असेल तर प्रत्येक केबिनमागे एक जबाबदार मोठा माणूस, प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र आणि मुलींबरोबर शिक्षिका, हे आधी ठरले पाहिजे. नुसत्या भाड्याचा हिशोब करून चालणार नाही, मोठ्या माणसांची संख्या धरूनच केबिनची संख्या काढावी. आणि ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांचे काय, हेही त्याच बैठकीत बोलावे. नंतर यादीत एक नाव वाढवायचे म्हटले, तर ते वाढेलच असे नाही.

मोजणी

जहाजावर चढल्यावर पहिले काम होते ते कवायतीचे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ जण गेले. त्यातल्या काही प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हापासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच ही कवायत घेतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की सर्वांनी आपापल्या ठिकाणी जमायचे. मुलांना तो खेळ वाटला. आई नातीचा हात धरून सावकाश आली. आई-आत्याच्या केबिनमध्ये नातीला का ठेवले, हे तेव्हा सर्वांना पुन्हा एकदा पटले.

तिथल्या कर्मचाऱ्याने आमची मोजणी केली. एकोणीस. यादीतही एकोणीस. तो समाधानाने पुढे गेला. बहीण मात्र माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “वीस असायला हवे होते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने खिडकीचा पडदा सरकवला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, “कारंजा धरणाला पलीकडचा काठ दिसतो, ह्याला काठच नाही.” एवढ्यासाठीच आम्ही सगळा खटाटोप केला होता.

येत्या मेमध्ये बहिणीच्या सासूबाईंना घेऊन पुन्हा जायचे ठरत आहे. या वेळी यादीत पहिले नाव त्यांचे लिहिले आहे, अर्थात त्यांच्या आधार कार्डावर आहे तसेच.

विद्यार्थ्यांसाठी गणित : एका कुटुंबात २२ माणसे आहेत. वर दिलेलेच भाडे धरा. त्यांनी ६ केबिन घेतल्या तर एकूण भाडे किती? ८ केबिन घेतल्या तर किती? माणशी फरक किती पडतो? उत्तर काढल्यावर घरच्यांना विचारा : तो फरक आजी-आजोबांच्या सोयीसाठी द्यावा की नाही?